क्रिबेज: मामंजींच्या गव्हाणीत काय टाकू?

वर्धाकाठची

नमस्कार मंडळी. धागा पत्त्यांचा आहे, पैशांचा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. मामंजी २२ वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये होते. तिथून ते कमी ऐकू येणारे कान आणि क्रिबेज नावाचा खेळ घेऊन आले. फळी गावच्या सुतारानं सागाच्या उरलेल्या तुकड्यातून करून दिली, भोकं मोजून पाडली, आणि खुंट्या म्हणून मामंजी पऱ्हाटीच्या काड्या तासतात. सासूबाई याला 'भोकाभोकाचा खेळ' म्हणतात आणि जवळ बसत नाहीत. म्हणून संध्याकाळी लाइन गेली की ओसरीत समोर मीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोघांना सहा-सहा पानं. चार हातात ठेवायची, दोन पालथी बाजूला टाकायची. दोघांची मिळून बाजूला चार होतात, त्याला क्रिब म्हणतात. क्रिब म्हणजे गुरांची गव्हाण, म्हणून मामंजी सरळ गव्हाणच म्हणतात. ज्यानं पानं वाटली त्याची गव्हाण. पुढच्या डावाला समोरच्याची. मग गड्डी कापून एक पान उघडं करायचं, ते दोघांच्या हातातही धरायचं आणि गव्हाणीतही. पानांची बेरीज पंधरा झाली की २ घरं, म्हणजे फळीवर खुंटी दोन भोकं पुढं (दश्शी, गुलाम, राणी, राजा सगळे दहाचे, एक्का एकचा). जोडीला २. ओळ लागली की जितकी पानं तितकी घरं. मोजायच्या आधी एकेक पान खाली टाकत एकतिसापर्यंत बेरीज नेण्याचा भाग असतो, त्यातही घरं मिळतात. १२१ घरं आधी गाठेल तो जिंकला. बारीकसारीक नियम आणखी आहेत, ते राहू द्या.

तर परवाचा डाव. गव्हाण मामंजींची. माझ्याकडं आलं: ७, ७, ८, २, ३ आणि राजा. सत्ती-सत्ती-अठ्ठी ठेवायची हे मलाही कळतं (दोन पंधरा आणि एक जोडी, रोख ६ घरं). चौथं पान कोणतं? मी राजा ठेवला. म्हटलं, दुर्री-तिर्री काय कामाची, जाऊ दे. आणि दोन्ही त्यांच्या गव्हाणीत टाकली.

कापलं तर दश्शी निघाली. मामंजींनी गव्हाणीत गुलाम-राणी टाकले होते. आता मोजा: दोन नि तीन पाच, त्यात दश्शी, गुलाम, राणी कोणीही मिळवा, पंधरा. तीन पंधरांचे ६. वर दश्शी-गुलाम-राणीची ओळ, ३. एकूण ९ घरं, त्यातला निम्मा चारा माझा! माझा हात मात्र सहाचा सहाच.

मामंजी खुंटी पुढं नेत म्हणाले, "सूनबाई, दुसऱ्याच्या गव्हाणीत कुटार टाकाव. ढेप आपल्या बैलाले."

हे ऐकायला छान आहे हो. पण ढेप (सरकीची पेंड) कोणती आणि कुटार (भुसा) कोणतं, ते सांगत नाहीत. "खेळत राह्य, कयते," एवढंच. मला पुढच्या पोळ्यापर्यंत थांबायचं नाही. जाणकारांनी सांगावं.

---

पपलूबाज

ताई, रमीतसुद्धा राजा पहिला फेकतात. हात फसला तर दहा पॉइंट बोकांडी बसतात. तुम्ही राजा ठेवलात तिथंच डाव गेला. खेळ कोणताही असो, मोठं पान आधी सोडायचं.

---

धुऱ्यावरून

पपलूबाज भाऊ, बरोबर उत्तर चुकीच्या कारणानं देऊन राहिले तुम्ही.

रमीत राजा फेकतात तो भीतीनं. इथं कोणाच्या अंगावर पॉइंट बसत नाही. इथं राजा दुसऱ्याले द्याचा तो यासाठी की तो कोणाच्या कामाचा नाही. राजा म्हणजे माह्यासारखा, गावच्या शेवटच्या धुऱ्यावर शेत असलेला माणूस. एकाच बाजूनं शेजारी. ओळ लावाची तर राणी नि गुलाम दोघंही पाह्यजेत, पलीकडं कोणी नाहीच. सत्तीले पाहा, इकडं छक्की-पंजी, तिकडं अठ्ठी-नव्वी, भर वस्तीतलं घर.

आणि रमीत दोन सत्त्या म्हणजे तिसरीची वाट पाहणं. इथं दोन सत्त्या म्हणजे रोख दोन घरं, उधारी नाही. हा मोठा फरक हाय. रमीवाल्याचा हात इथं पहिले सहा महिने चुकतोच. माहा चुकला. मी हे शिकलो नागपूरले, होस्टेलात, एका मिझोरामच्या मित्राकडून. त्याले कोणी शिकवलं ते विचाराचं राह्यलं.

कुटार: राजा-नव्वी, राजा-छक्की, राणी-अठ्ठी, राजा-एक्का. दूरदूरची पानं, ज्यायचं एकमेकांशी बोलणं नाही.
ढेप: पंजी (कोणासोबतही), दुर्री-तिर्री, सत्ती-अठ्ठी, कोणतीही जोडी. हे आपली गव्हाण असंल तरच.

तुम्ही दुर्री-तिर्री देल्ली म्हणजे त्यायच्या बैलाले सरकीची ढेप भिजवून देल्ली, वरून मीठ टाकून.

---

हसरी_तूर

"वरून मीठ टाकून" 😂

---

गणितमास्तर

धागा आवडला. शाळेला सुट्टी आहे, वही काढली.

सहा पानं आपल्याला दिसली, म्हणजे ४६ दिसली नाहीत. कापल्यावर त्यातलं कोणतंही एक निघू शकतं. मी ७-७-८ सोबत चौथं पान बदलून पाहिलं आणि प्रत्येक वेळी ४६ च्या ४६ पानांनी हाताला रोख सहाच्या वर किती घरं मिळतात ते लिहून बेरीज केली. (एकतिसापर्यंतचं खेळणं, रंग वगैरे धरलेलं नाही, फक्त पंधरा, जोड्या, ओळी.)

राजा ठेवला तर ४६ पानांची मिळून १०० घरं.
तिर्री ठेवली तर ११६.
दुर्री ठेवली तर... ११६.

दोनदा तपासलं. पेन्सिल मोडली, पण उत्तर तेच. तिर्री ठेवली तर चौकी, पंजी, तिर्री अशी बरीच पानं थोडी-थोडी घरं देतात. पंजीनं ७ नि ३ सोबत पंधरा होतात, तेही दोनदा, सत्त्या दोन आहेत म्हणून. दुर्री ठेवली तर सगळा जोर छक्कीवर: दुहेरी ओळीचे ६, आणि ६ नि ७ नि २ पंधरा, तेही दोनदा, म्हणजे आणखी ४. एका छक्कीला दहा घरं! एकाकडं दररोजचं दूध, दुसऱ्याकडं वर्षातून एकदा विकायचा गोऱ्हा. हिशेब सारखाच.

मुद्दा असा की ताईंनी राजा ठेवून स्वतःच्या हाताचंही नुकसान केलं. गव्हाण बाजूला ठेवली तरी राजा चूकच. सरासरी काढली तर राजासोबत हात ८.१७ घरांचा, दुर्री किंवा तिर्रीसोबत ८.५२ चा. फरक लहान दिसतो. पण त्यावर दुर्री-तिर्री समोरच्याला गेली हे धरा, मग तो फुगतो.

आणि त्याच डावात त्यांनी राजा-तिर्री किंवा राजा-दुर्री टाकली असती, तर गव्हाणीत दश्शी-गुलाम-राणी-राजा अशी चाराची ओळ झाली असती. म्हणजे ९ च्या ऐवजी ४. राजानं त्या दिवशी उलट त्यांची ओळ लांबवली असती, तरीही पाच घरं वाचली असती.

---

वर्धाकाठची

मास्तर, तुम्ही खरंच ४६ पानं लिहून काढलीत! मी मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मास्तरले म्हणा, दोन्ही सारखे असतीन तं तिर्री ठेवाची, उतारीले कामी येते." का ते नाही सांगितलं.

---

समुद्रपक्षी

मी सांगतो, मीही जहाजावरच शिकलो. उतारी म्हणजे खेळताना पहिलं पान टाकणं. चौकी किंवा तिच्याहून लहान पान टाकलं तर समोरचा लगेच पंधरा करू शकत नाही, कारण मोठ्यातलं मोठं पान दहाचंच. पंजी टाकली की तो दहाचं पान मारून २ घरं घेणारच. म्हणजे उतारीला एक लहान पान हवं. दुर्रीही चालते, पण दुर्री खेळाच्या शेवटी, एकतीस जुळवायला, जास्त उपयोगी असं माझं मत. त्यावर मामंजींशी भांडायला तयार आहे.

जहाजावरचा अनुभव: हातात कोणती घरं आहेत हे सगळ्यांना दिसतं. चांगला खेळाडू ओळखू येतो तो टाकलेल्या दोन पानांवरून.

अवांतर: हा खेळ सतराव्या शतकातला इंग्रज कवी सर जॉन सकलिंग याच्या नावावर सांगतात, नॉडी नावाच्या जुन्या खेळातून बनवलेला. आरमारात तो पक्का रुजला. दुसऱ्या महायुद्धात वाहू नावाच्या अमेरिकन पाणबुडीवर १९४३ साली रिचर्ड ओकेन या अधिकाऱ्याला एका हातात २९ घरं लागली होती. २९ हा सर्वात मोठा हात: तीन पंज्या आणि गुलाम हातात, नि कापून निघालेली चौथी पंजी गुलामाच्याच रंगाची. दोन लाख सोळा हजार पाचशे ऐंशी हातांत एकदा, इतकी ती दुर्मिळ. ओकेनची फळी पुढं पॅसिफिकमधल्या सर्वात जुन्या पाणबुडीकडं सोपवत राहण्याची प्रथा पडली. मी आजवर २४ पाहिलेत, तेही दुसऱ्याच्या हातात.

---

पपलूबाज

मग चारही पंज्या पिसताना खालीच ठेवायच्या 😉

---

संपादक मंडळ

पपलूबाज, हे तंत्र इथं नको. धागा छान चालला आहे.

---

धुऱ्यावरून

मंग एक पक्का नियम लिहून ठेवा ताई: पंजी दुसऱ्याच्या गव्हाणीत कधीच, कधीच टाकाची नाही. गड्डीत दहाच्या किमतीचे सोळा पत्ते असतात. बावनातले सोळा! पंजी देणं म्हणजे शेजाऱ्याच्या वावरात आपलं पाणी सोडणं.

---

गणितमास्तर

'कधीच' वर माझा आक्षेप आहे. हा हात घ्या, गव्हाण समोरच्याची:

५, ६, ७, ८, ८, दश्शी.

तुमचा नियम पाळला तर पंजी हातात ठेवावी लागेल. ५-६-७-८ ठेवा: चाराची ओळ ४, सात नि आठ पंधरा २. एकूण ६. त्याला अठ्ठी-दश्शी दिली.

नियम मोडला तर ६-७-८-८: ओळ दोनदा लागते म्हणून ६, जोडीचे २, सात-आठचे पंधरा दोनदा म्हणून ४. एकूण १२. त्याला पंजी-दश्शी दिली, म्हणजे २ घरं तर हातावर ठेवलीच.

हातात रोख सहा घरांचा फरक आहे. पंजी-दश्शी वाईट आहे, मान्य. पण अठ्ठी-दश्शीच्या मानानं ती सरासरी सहा घरं जास्त देत नाही, त्याच्या निम्म्याच्या आसपासच. साधी गव्हाण सरासरी चार-पाच घरांची भरते, हात आठाचा. म्हणजे आधी हात पाहायचा, मग गव्हाण.

---

धुऱ्यावरून

मास्तर, तुमच्या वहीत पटते. पण तुमच्या हातात पत्ते असतात तेव्हा वही नसते. नवशिक्याले 'कधीच' सांगतलं तं तो दहात नऊ वेळा बरोबर वागते. 'कधीकधी' सांगतलं तं तो दहाही वेळा पंजी देऊन बसते. म्या पाह्यलं हाय. माहा साळा हाय तसा.

---

समुद्रपक्षी

दोघंही बरोबर म्हणणार होतो, पण नाही, मास्तर बरोबर आहेत. १२ च्या हाताला हात लावायचा नाही.

आणि हाच हात तुमची स्वतःची गव्हाण असताना आला तर? विचारच करायला नको. हातात १२, गव्हाणीत पंजी-दश्शीचे २ आधीच, वर काय निघेल ते निघेल. त्याच सहा पानांना एका डावात नशीब म्हणायचं आणि दुसऱ्या डावात पेच.

---

हसरी_तूर

प्रश्न: माझ्या गव्हाणीत मी ढेप टाकते, पण समोरचा तर कुटारच टाकणार ना? मग ढेप टाकून उपयोग काय?

---

धुऱ्यावरून

हुशार प्रश्न हाय बाप्पा. म्हणून तं अशी दोन पानं टाकाची जी आपसातच बोलतीन, समोरच्याच्या भरवशावर न राहता. दुर्री-तिर्री टाकली तं कोणताही मोठा पत्ता पडो, पंधरा होते. आणि तो कुटार म्हणून राजा-राणीच टाकते! त्याचं कुटार आपल्या ढेपेत कालवलं जाते. ताईच्या डावात उलटं तेच झालं ना. मामंजीनं स्वतःच गुलाम-राणी टाकले होते, तुमच्या दुर्री-तिर्रीनं त्यायले चव आणली.

---

पपलूबाज

एक विचारू का, हे गावात ओसरीत खेळता, कोणी पोलिसात सांगत नाही? आमच्याकडं पोळ्याच्या दिवसांत पत्ते दिसले की धाड.

---

वर्धाकाठची

पैसे नसतात हो. हरणारा दुसऱ्या दिवशी चहा करतो. मामंजींनी आजवर दोनदा चहा केलाय, सासूबाईंनी दोन्ही वेळा ओतून दिला.

गावातले येतात, उभे राहून पाहतात, भोकांची फळी पाहून म्हणतात, "हा कोणता सट्टा हाय?" एका काकाजींनी कुठंसं ऐकलं होतं की १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं रमी हा कौशल्याचा खेळ ठरवला. ते मामंजींना म्हणाले, "हेही कौशल्याचंच असंल, पण तुमच्या सुनेकडं पाहून वाटत नाही." तेव्हा मी ४० घरांनी मागं होते.

---

वर्धाकाठची (नऊ दिवसांनी)

मंडळी, काल जिंकले. म्हणून आले.

दरम्यान धुऱ्यावरून भाऊंची यादी दिनदर्शिकेच्या मागं लिहून चिकटवली होती. पाच-सहा डावांनंतर पाहावी लागली नाही. मामंजी काही बोलले नाहीत, पण माझी पानं गव्हाणीत पडली की आधी चष्मा सावरत, आता सावरत नाहीत. (गव्हाण उघडल्यावर काय निघणार, याची उत्सुकता संपली असावी.)

काल तूर सोंगून आल्यावर बसलो. मी ११२ वर, मामंजी ११६ वर. गव्हाण त्यांची. मला आलं: ५, ५, ७, ७, ८, ८.

इथं माझ्या घशाला कोरड पडली. कागदावरचा नियम ओरडून सांगतोय की पंजी देऊ नको, आणि जोडी तर नकोच. पण ७-७-८-८ ठेवलं तर चार पंधरा आणि दोन जोड्या, १२ घरं. मला हवीत ९. पंज्या धरून ५-५-७-८ ठेवलं तर सगळे मिळून ४.

आणि मग समुद्रपक्षींनी दुसऱ्या एका धाग्यावर लिहिलेलं आठवलं की मोजताना आधी तो मोजतो ज्यानं वाटलेलं नाही. म्हणजे आधी मी. मग मामंजींचा हात. सगळ्यात शेवटी गव्हाण. माझे १२ मोजून झाले की डाव संपला, गव्हाण उघडायची वेळच येत नाही!

दोन्ही पंज्या त्यांच्या गव्हाणीत टाकल्या. हात थरथरला, खोटं कशाला बोलू.

भीती फक्त खेळण्याच्या भागाची होती. त्यात त्यांनी ५ घरं घेतली असती तर तिथंच संपलं असतं. मी अठ्ठीनं उतारी केली. त्यांना ३ मिळाली, ११९ वर थांबले. मग मी पानं उघडी केली आणि मोजलं, पंधरा दोन, पंधरा चार, पंधरा सहा, पंधरा आठ, जोडी दहा, जोडी बारा. पऱ्हाटीची काडी शेवटच्या भोकात रोवली.

मामंजी थोडा वेळ फळीकडं पाहत बसले. मग गव्हाण उघडली, नुसतं पाहायला. कापलेलं पानही पंजीच निघालं होतं. तीन पंज्या, आणि त्यांनी टाकलेले गुलाम-राणी. सात पंधरा, वर तीन पंज्यांचे ६. वीस घरं!

"इतकी ढेप," म्हणाले, "नि बैल उपाशी."

---

गणितमास्तर

अभिनंदन! वीस बरोबर. गुलाम कापलेल्या पानाच्या रंगाचा असता तर २१.

---

वर्धाकाठची

नव्हता. पाहिलं मी. बदामची पंजी, गुलाम इस्पिकचा.

---

धुऱ्यावरून

ताई, लय भारी. माहा 'कधीच' वाला नियम मागं घेतो. पण साळ्याले सांगणार नाही.

आज चहा कोणी केला?

---

वर्धाकाठची

मामंजींनी. साखर विसरले. आम्ही दोघींनी यावेळी पिऊन घेतला.